जुन्या टायरचं पुन्हा रबर: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून टायरविषयी जे प्रश्न आमच्याकडे सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत पंक्चरवाले आहेत, ट्रकमालक आहेत, केळी उत्पादक आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत आणि नवा उद्योग शोधणारी पोरंही आहेत. आमचं काम रबरी मॅट आणि शीट बनवण्याचं. जुन्या टायरपासून केलेलं रबर रोज हाताखालून जातं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

खान्देशात एवढे जुने टायर येतात तरी कुठून?

नकाशा बघा. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन जुने महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. उत्तरेकडचा आणि गुजरातचा माल, विदर्भाचा कापूस, रावेर-यावलची केळी, सगळं याच रस्त्यांवरून धावतं. त्यात एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तापलेलं डांबर, क्षमतेपेक्षा जास्त भरलेला माल आणि कमी हवा, असं तिन्ही जुळून आलं की टायर लवकर गोटा होतो किंवा थेट फुटतो. याशिवाय प्रत्येक गावात ट्रॅक्टर आहेत, ट्रॉल्या आहेत, टायरच्या बैलगाड्या आहेत, आणि दुचाकी तर घरटी एक. दुचाकीचा टायर दोन-चार किलोचा, कारचा सात ते दहा किलोचा, ट्रकचा ५० किलोंच्या पुढे आणि ट्रॅक्टरचा मागचा मोठा टायर त्याहूनही जड. म्हणजे गावात वीस-पंचवीस मोठे टायर पडून असतील, तर तो टनाहून जास्त कच्चा माल आहे.

प्लास्टिक वितळवून जळगावात चटया होतात. मग टायर वितळवून पुन्हा टायर का होत नाही?

हा आम्हाला सर्वांत आवडता प्रश्न, कारण पुढची सगळी उत्तरं यातूनच निघतात.

चटईचं प्लास्टिक तापवलं की मऊ होतं, गार केलं की घट्ट. त्याचा दाणा पाडा, धागा ओढा, चटई विणा, जुनी झाली की पुन्हा दाणा पाडा. रबराचं तसं नाही. कच्चं रबर चिकट असतं, उन्हात पघळतं. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबरात गंधक मिसळून तापवलं, तेव्हा गंधकाने रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या बांधून टाकल्या. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. टायरला ताकद, लवचीकता आणि उन्हातही आकार टिकवण्याचा गुण येतो तो या आडव्या गाठींमुळे. पण एकदा गाठी पडल्या की रबर वितळत नाही. फार तापवलं तर जळतं. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ करण्यासारखं ते अवघड काम आहे.

शिवाय टायर म्हणजे नुसतं रबर नाही. ढोबळमानाने निम्मं वजन रबराचं (नैसर्गिक आणि कृत्रिम मिळून), पाव हिस्सा कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या काळ्या भुकटीचं आणि उरलेलं पोलादी तार, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा धागा, तेल, गंधक, झिंक ऑक्साइड यांचं. हे सगळं सुटं करून ज्याचं त्याला परत देणं म्हणजे टायरचा खरा पुनर्वापर.

'रिक्लेम रबर' म्हणजे नेमकं काय?

गंधकाच्या त्या गाठी बऱ्याच अंशी सोडवलेलं, पुन्हा मळता आणि साच्यात घालता येणारं रबर म्हणजे रिक्लेम. नव्या रबरासारखं त्यात पुन्हा गंधक घालून ते शिजवता येतं.

त्याची रीत अशी. आधी टायरच्या कडेची जाड तारेची कडी, म्हणजे बीड, यंत्राने ओढून काढतात. हे यंत्र बघण्यासारखं असतं: हुक कडीत अडकतो, हायड्रॉलिकचा दट्ट्या मागे सरकतो आणि बोटाएवढ्या जाडीची पोलादी कडी रबर सोलत बाहेर येते. मग टायरचे तुकडे, तुकड्यांचा चुरा, चुऱ्यातून चुंबकाने तार आणि हवेच्या झोताने धागा वेगळा. उरलेल्या रबराच्या भुकटीत तेल आणि गाठी सोडवणारं रसायन मिसळून बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली २०० अंशांच्या आसपास काही तास शिजवतात. यानंतरचं रिफायनरचं काम आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन जड रोलांमधल्या जेमतेम फटीतून माल पुन्हा पुन्हा काढला जातो. बाहेर येणारा पापुद्रा कागदासारखा पातळ असतो. तो ड्रमवर थरावर थर गुंडाळत जातो आणि हवी तेवढी जाडी आली की सुरीने उभा चिरून त्याचे पाट काढतात.

घेणाऱ्याने पाहायचं असं की पाटाचा छोटा तुकडा तोडायचा, अंगठ्यांनी पातळ ताणायचा आणि उजेडासमोर धरायचा. दाणे दिसले तर रिफायनिंग नीट झालेलं नाही. अशा मालाची शीट दिसायला बरी होते, पण वाकवली की त्या दाण्यापाशीच चीर पडते. बोटांना तेलाचा ओघळ लागला तर वजन वाढवायला तेल जास्त घातलं आहे, असं समजा.

देशात हे काम नवं नाही. खान्देशाच्या शेजारी अंकलेश्वरला १९७४ पासून रिक्लेम रबराची कंपनी उभी आहे आणि आज त्याच कंपनीचा एक कारखाना सोलापुरातही आहे.

मग भुकटी आणि रिक्लेम यांत फरक काय?

भुकटी, म्हणजे क्रम्ब रबर, हे दळलेलं रबर. तिच्यातल्या गाठी शाबूत असतात, म्हणून ती मिश्रणात विरघळत नाही, भर म्हणून बसते. ती जाळीच्या मापाने विकली जाते. ३० मेश म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटरचा कण, ४० मेश म्हणजे ०.४ मिलिमीटरच्या आसपास. जाड भुकटी मॅट आणि फरशांना, बारीक भुकटी डांबरात आणि रबराच्या मिश्रणात. साध्या तापमानाला दळलेला कण खडबडीत, म्हणून चांगला चिकटतो. द्रव नायट्रोजनने गोठवून फोडलेला कण गुळगुळीत निघतो आणि महागही पडतो.

नायलॉन टायरला जास्त मागणी का? रेडियल वाईट असतो का?

रेडियल वाईट नाही, सोलायला अवघड आहे. रेडियल ट्रक टायरच्या पट्ट्यांत आणि अंगात पोलादी तारांचं जाळं असतं, ते सगळं काढायला जड यंत्रं आणि जास्त वीज लागते. नायलॉनच्या टायरमध्ये पोलाद फक्त कडेच्या बीडमध्ये. ट्रॅक्टर, ट्रॉली, जुने ट्रक यांचे बरेच टायर नायलॉनचे, आणि ट्रकच्या टायरमध्ये कारच्या टायरपेक्षा नैसर्गिक रबराचं प्रमाणही जास्त. म्हणून रिक्लेमवाले असा माल हात पुढे करून घेतात. खान्देशात असा माल भरपूर आहे आणि तो रेडियलच्या ढिगात टाकून एकाच भावाने जातो, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

ट्यूबची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक ट्यूब ब्युटिल रबराच्या असतात, कारण त्यातून हवा फार हळू निसटते. ब्युटिलचं रिक्लेम पुन्हा ट्यूबमध्ये आणि ट्यूबलेस टायरच्या आतल्या हवाबंद थरात जातं, म्हणून त्याला वेगळा भाव आहे. ओळखायचं कसं? तुकडा ताणून सोडा. नैसर्गिक रबर झटकन मूळ जागी येतं, ब्युटिल आळसावल्यासारखं हळूहळू परत येतं. व्हॉल्व्ह कापून काढा, माती झटका आणि ट्यूबचं पोतं वेगळं ठेवा. एवढ्यानेच पैसे वाढतात.

टायर भंगारात देण्याआधी रिमोल्ड करावा का?

ट्रकचा टायर असेल आणि केसिंग, म्हणजे नक्षीखालचं अंग, धड असेल, तर त्यावर नवी नक्षी चढवून घ्या, म्हणजेच रिमोल्ड जरूर करा. टायरचं बहुतेक सगळं मोल त्याच्या अंगात असतं, झिजते ती वरची नक्षी. रिमोल्ड करायला नव्या टायरच्या साधारण एक तृतीयांश माल लागतो. पण नक्षी पार गोटा होऊन आतले धागे दिसेपर्यंत चालवलेल्या टायरचं केसिंग मेलेलं असतं. नियमाप्रमाणेही दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ आणि इतर वाहनांना १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी असायला हवी. त्या आधी टायर उतरवला तर जीव वाचतो आणि केसिंगही. पुढच्या चाकाला रिमोल्ड लावू नका.

टायरपासून तेल काढतात म्हणे. ते चांगलं की वाईट?

पायरोलिसिस म्हणतात त्याला. बंद भांड्यात, हवा न लागू देता, टायर ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवतात. टायर जळत नाही, त्याचं विघटन होतं. वजनाच्या साधारण ४० ते ४५ टक्के तेल निघतं, तिसरा हिस्सा काळा कोळसा, उरलेलं पोलाद आणि वायू. तो वायू पुन्हा भट्टी तापवायला वापरता येतो. विज्ञान म्हणून यात खोट नाही.

खोट चालवण्यात आहे. २०१९ मध्ये हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे आलं, तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माहितीनुसार देशात १९ राज्यांत असे ६३७ कारखाने होते. त्यांतले २७० नियम पाळत नव्हते आणि ११६ बंद होते. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात अशाच एका कारखान्यात स्फोट होऊन दोन स्त्रिया आणि दोन लहान मुलं गेली. कारखान्याच्या आवारात लहान मुलं होती, यातच सगळं आलं. भांडं पुरतं गार होण्याआधी दार उघडलं तर आतल्या वायूला हवा मिळते आणि भडका उडतो. कोळसा उघड्यावर उपसला तर आजूबाजूच्या शेतातल्या कपाशीच्या बोंडावर काजळी बसते आणि कामगारांच्या फुप्फुसात जाते.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. जो टायर रिमोल्ड होऊ शकतो तो रिमोल्ड व्हावा. जो होत नाही, त्याचं रबर रबरातच परत जावं. तेल काढण्याची पाळी शेवटी, आणि तीही बंदिस्त, यंत्राने माल आत-बाहेर होणाऱ्या कारखान्यातच. परदेशातून भंगार टायर आणून त्याचं तेल काढायला २०२२ च्या नियमांनी बंदी आहे. आपल्या जमिनीवर दुसऱ्यांचे टायर शिजवायचं काही कारण नाही.

हे तेल डिझेलमध्ये चालतं का?

नाही. त्यात गंधकाचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असतं. देशात विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त गंधक चालत नाही. ट्रॅक्टरमध्ये घालाल तर नोझल आणि पंप दोन्ही जातील. हे औद्योगिक भट्टीचं इंधन आहे.

उरलेल्या काळ्या कोळशाचं काय?

इथे खरी संधी आहे. नवा कार्बन ब्लॅक जड तेल अर्धवट जाळून बनवतात आणि एक टन बनवताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. टायरमधला कार्बन ब्लॅक पायरोलिसिसनंतर परत मिळतो, पण कच्च्या कोळशाच्या रूपात. तो बारीक दळून, तारांचे तुकडे काढून, गोळ्या बनवून दिला तरच त्याला 'रिकव्हर्ड कार्बन ब्लॅक' म्हणता येतं. टायरमधलं झिंक आणि सिलिका त्यात राखेच्या रूपाने उरतं, म्हणून त्यात १५ ते २० टक्के राख असते. नव्यात ती एक टक्क्याहून कमी. त्यामुळे नव्याची जागा तो पूर्ण घेत नाही, मिसळून वापरतात. मॅट, पायपुसणी, सायकलच्या टायरचे काही भाग, कन्व्हेयर पट्ट्याचं खालचं अस्तर अशा ठिकाणी तो चांगला बसतो. मिशेलिनसारख्या कंपनीने २०५० पर्यंत टायरमधला सगळा माल पुनर्वापराचा किंवा पुन्हा उगवणारा असेल, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. म्हणजे शुद्ध मालाला गिऱ्हाईक मिळणार. रस्त्याकडेला ढीग घालून ठेवलेल्या काळ्या धुळीला मिळणार नाही.

जुन्या टायरच्या रबरापासून काय काय बनतं? नवं रबर अजिबात लागत नाही का?

गोठ्याच्या मॅट, व्यायामशाळेच्या फरशा, ट्रक-बसच्या चाकांमागचे मडफ्लॅप, दाराचे आणि गोदीचे बंपर, स्पीड ब्रेकर, रेल्वे फाटकाच्या रबरी फरशा, चपलांचे तळ, बॅटरीचे डबे, कन्व्हेयर पट्टे, टायरचे आतले थर. मॅटमध्ये निम्म्याहून जास्त माल जुन्याचा चालतो. नव्या टायरच्या नक्षीत मात्र थोडाच, कारण गाठी सोडवताना रबराच्या साखळ्याही तुटतात आणि ताकद उतरते. पूर्ण टायरच्या रिक्लेमची ताण सहन करण्याची क्षमता चांगल्या नैसर्गिक रबराच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढीच भरते.

पण फायदेही आहेत आणि ते कारखान्यात काम करणाऱ्यालाच कळतात. रिक्लेम घातलेला माल मिलवर लवकर मळला जातो, वीज कमी लागते, शीट काढताना आकसत नाही, साच्यात सरळ बसतो. तेलात काटकसर होते. आणि देशाच्या दृष्टीने पाहिलं तर २०२३-२४ मध्ये भारतात नैसर्गिक रबराचं उत्पादन साडेआठ लाख टनांच्या आसपास होतं आणि वापर चौदा लाख टनांहून जास्त. उरलेलं रबर आयात होतं. परत मिळवलेलं प्रत्येक किलो तो खड्डा थोडा भरून काढतं.

बारीक पातळ वॉशर, पाणी धरून ठेवणारी सील, औषध किंवा पिण्याच्या पाण्याला लागणारा भाग, यांना आम्ही जुन्याचं रबर देत नाही. ठिबकच्या साहित्यासाठी कोणी स्वस्तातले काळे ग्रोमेट, म्हणजे नळी बसवायच्या रबरी कड्या, दाखवले तर आधी ते काही दिवस उन्हात ताणून ठेवा. बारीक भेगा पडल्या की उत्तर मिळालं.

गोठ्यासाठी मॅट घ्यायची आहे. चांगली कशी ओळखावी?

वास घ्या. तीव्र, डोक्यात जाणारा वास म्हणजे माल नीट शिजलेला नाही किंवा तेल जास्त आहे. पांढऱ्या कपड्याने जोरात घासा. काळं उतरत राहिलं तर म्हशीच्या कासेलाही लागेल. कोपरा दुमडून दाबा, सोडल्यावर घडीवर चीर दिसता कामा नये. खालच्या बाजूला खाचा हव्यात, म्हणजे मूत्र वाहून जातं आणि मॅट सरकत नाही. वजन करून घ्या. एकाच मापाच्या दोन मॅटमध्ये एक फारच जड असेल तर त्यात मातीची किंवा चुन्याची भर जास्त आहे. आणि गुळगुळीत फरशीवर मॅट टाकून तिच्याखाली कधीच झाडलोट न करणं, ही खुरांच्या रोगाला दिलेली सोय ठरते.

हीच मॅट विजेच्या बोर्डाखाली टाकली तर?

टाकू नका. टायरचं रबर काळं असतं ते कार्बनमुळे आणि कार्बन वीज वाहून नेतो. रबर म्हणजे विजेपासून संरक्षण हा समज इथे जिवावर बेतू शकतो. विद्युत पॅनेलसमोर आयएस १५६५२ या मानकाची, छाप असलेली मॅटच हवी.

थंडीत केळीच्या बागेत धूर करायला टायर जाळला तर काय बिघडतं?

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की रावेर, यावल, चोपड्यात बागेभोवती धूर करावा लागतो, हे खरं आहे. टायर ओल्या गवतापेक्षा जास्त वेळ धुमसतो, म्हणून तो कोणाच्या तरी डोक्यात येतो. पण त्या धुरात सल्फर डायऑक्साइड असतो, बेंझीन असतं, कर्करोगाला कारण ठरणारे काजळीचे घटक असतात. तो धूर पहाटेच्या थंड हवेत वर जात नाही, बागेत आणि वस्तीवर बसून राहतो. घडावर काजळीचा थर येतो. विझल्यावर जमिनीत तारांचं भेंडोळं आणि झिंकची राख उरते, आणि पुढच्या हंगामात ती तार रोटाव्हेटरमध्ये अडकते किंवा बैलाच्या खुरात जाते.

धुरासाठी पऱ्हाटी, केळीची वाळलेली पानं, ओलसर काडीकचरा पुरेसा आहे. रात्री उशिरा बागेला पाणी द्या, घडाला आच्छादन घाला, बांधाला वारारोधक शेवरी किंवा गजराज गवत लावा.

वीटभट्टीत, होळीत, रास्ता रोकोत आणि पावसाळ्यात ओली लाकडं पेटावीत म्हणून चितेवर, सगळीकडे हीच गोष्ट. शेवटच्या बाबतीत बोलताना जीभ जड होते. पण स्मशानात कोरड्या लाकडांसाठी पत्र्याचं शेड बांधणं ग्रामपंचायतीला जमण्यासारखं आहे. आपल्या माणसाला टायरच्या धुरात निरोप द्यायची वेळ कोणावर येऊ नये.

टायरची आग विझवणंही महाकठीण. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १९८३ मध्ये सुमारे ७० लाख टायरच्या ढिगाला आग लागली, ती नऊ महिने धुमसत होती.

सिमेंटच्या कारखान्यात टायर जाळतात, ते मग चालतं कसं?

तिथल्या भट्टीत १४०० अंशांच्या वर उष्णता असते, त्यात सेंद्रिय विषं मोडतात, तारेचं लोखंड सिमेंटमध्येच जातं आणि चिमणीवर नजर ठेवणारी यंत्रं असतात. वीटभट्टीशी त्याची तुलना नको. तरी रबर मात्र कायमचं जातं, म्हणून आमच्या लेखी तो खालचाच पर्याय.

गच्चीवर एक-दोन टायर पडले तर काय होतं?

डेंग्यू होतो. एडिस डासाला स्वच्छ, साचलेलं, सावलीतलं पाणी लागतं आणि टायरच्या पोटात ते कोणत्याही बाजूने ठेवला तरी साचतं. मादी पाण्याच्या कडेला अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ती अंडी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात फुटतात. १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला एडिसची एक आशियाई जात वसलेली आढळली, ती जुन्या टायरच्या आयातीतून आली होती. मे महिन्यातच टायर द्या. तोवर शेडखाली ठेवा, नाहीतर खालच्या बाजूला चार भोकं पाडा. पत्र्यावर वजन म्हणून टायर ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याऐवजी रेतीची गोणी ठेवा.

टायरमध्ये भाजी लावावी का?

फुलझाडं लावा. पालक-मेथी नको. टायरमध्ये एक-दोन टक्के झिंक ऑक्साइड असतं आणि खान्देशच्या उन्हात तापलेलं जुनं रबर हळूहळू झिरपतं.

रस्त्यात रबर घालतात, हे खरं का?

खरं आहे. बारीक भुकटी गरम डांबरात मिसळून रबरयुक्त डांबर होतं आणि त्याला भारतीय मानक आहे, आयएस १७०७९, सन २०१९ चं. असा रस्ता उन्हात लवकर मऊ पडत नाही आणि जड वाहनांच्या चाकोऱ्या कमी उमटतात. आपल्या उन्हाला तो जास्त मानवतो. मात्र मिसळताना तापमान आणि वेळ पाळावी लागते. साठवून ठेवलं तर भुकटी तळाशी बसते.

खेळाच्या मैदानावर रबराचे दाणे टाकणं सुरक्षित आहे का?

सुटे दाणे टाकू नका. ते चपलांबरोबर घरात आणि पावसाबरोबर नाल्यात जातात. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमाने मैदानात सुटे कण टाकण्यावर बंदी आणली आहे, आठ वर्षांची मुदत देऊन. चिकटवलेली फरशी बरी.

कायदा काय म्हणतो? टायर देताना मला काही भरावं लागतं का?

तुम्हाला नाही. २१ जुलै २०२२ ला केंद्राने धोकादायक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून टायरसाठी उत्पादकाची वाढीव जबाबदारी आणली, तिला ईपीआर म्हणतात. नवे टायर बनवणारे आणि आयात करणारे, टायरसह वाहनं आयात करणारे, सगळे त्यात आले. पहिल्या वर्षी २०२०-२१ च्या उत्पादनाच्या ३५ टक्के, पुढच्या वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून १०० टक्के, अशी चढती जबाबदारी ठरली. कंपनी स्वतः टायर गोळा करत फिरत नाही. नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याने जितका माल केला, तितकी प्रमाणपत्रं केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर तयार होतात आणि कंपनी ती विकत घेते. रिक्लेम रबराला या हिशेबात पायरोलिसिसच्या तेलापेक्षा जास्त वजन दिलेलं आहे. हे योग्य दिशेने आहे. फक्त हा पैसा प्रमाणपत्रापाशी थांबतो, पारोळ्याच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचत नाही. तो पोचेपर्यंत टायर भट्टीकडेच वळत राहणार.

"भाऊ, जुना टायर घर पडेल शेतस, कोठे देवाना?"

दोन-चार असतील तर टायरच्या दुकानदाराकडे द्या. नवा घेताना जुना तिथेच सोडलात तर उत्तम. ट्रॉलीभर असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी विचारा: दादा, हे कुठे जाणार? नोंदणीकृत कारखान्याचं नाव आणि पावती देणाऱ्यालाच माल द्या. भट्टीला जाणार असं कळलं तर चार पैसे सोडा, पण देऊ नका. ग्रामपंचायतीने पावसाळ्याआधी एक दिवस ठरवून गावातले टायर एका जागी जमवले, तर गाडी येते. एकेका टायरसाठी कोणी येत नाही, कारण टायर वजनाला हलका आणि जागेला मोठा. भाडंच मालापेक्षा जास्त होतं.

या धंद्यात उतरायचं आहे. कुठून सुरुवात करू?

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची आणि चालवण्याची, अशा दोन्ही संमती, आणि केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी, हे आधी. खान्देशसाठी मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकला आहे. जागा एमआयडीसीतच बघा. नरडाणा, अवधान, जळगाव, नवापूर हे पर्याय आहेत. शेतात पत्रे टाकून हे काम करू नका. अग्निशमनाची टाकी कागदावर नको, भरलेली हवी. भुकटीची धूळ हवेत साचली तर ठिणगीने पेट घेते, म्हणून धूळ ओढणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून.

बहुतेक तरुण आम्हाला थेट भुकटीच्या यंत्राची किंमत विचारतात. आमचा सल्ला वेगळा असतो. सुरुवातीला दळण्याचं यंत्र घेऊच नका. एक शेड, एक वजनकाटा, बीड ओढायचं आणि टायर कापायचं साधं यंत्र एवढ्यावर काम सुरू करा. चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत कोणत्या गावात कोणता माल निघतो, हे वहीत लिहा. नायलॉन वेगळा, रेडियल वेगळा, ब्युटिल ट्यूब वेगळी, रिमोल्डला जाणारी केसिंग वेगळी. बीडची तार लोखंडाच्या भावाने जाते. कापलेला माल गाडीत दाटून बसतो, म्हणून अंकलेश्वर किंवा सोलापूरचं भाडं परवडतं. वर्षभर पुरेसा आणि एकसारखा माल जमतो आहे असं वही सांगू लागली, की मग दळण्याच्या यंत्राचं कोटेशन मागवा, आणि मागवताना ते तासाला किती युनिट वीज खातं हे लेखी घ्या.